घटस्फोटाच्या काळात आणि त्यानंतर आपल्या मर्यादा कशा ठरवाव्यात: वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की नाते संपले, असे होत नाही. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा असला तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर साधारणपणे सहा महिने थांबावे लागते. योग्य परिस्थितीत न्यायालय हा काळ माफ करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. पण दावा लढवला जात असेल तर तो काही वर्षेही चालू शकतो. या सगळ्या काळात फोन येत राहतात, मुलांची ने-आण चालू असते, कर्जाचे हप्ते कापले जातात आणि नातेवाईक चौकशी करतात. वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांची परिस्थिती आणखी थोडी वेगळी असते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांचे सोयरसंबंध एकमेकांत गुंतलेले आहेत. सासर आणि माहेर पुष्कळदा याच शहरात असते, आणि गणपतीच्या मांडवात, हळदीकुंकवाला किंवा एखाद्या मुंजीत दोन्हीकडची माणसे समोरासमोर येतातच. त्यामुळे संबंध पूर्णपणे तोडून टाकणे येथे बहुतेकांना शक्य नसते. संबंध कुठपर्यंत ठेवायचा हे ठरवणे मात्र शक्य असते, आणि ते कसे ठरवावे हेच पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी एक कसोटी

कौटुंबिक समुपदेशनाच्या कामात मला वारंवार दिसते की लोक मर्यादा म्हणून जे सांगतात ती प्रत्यक्षात समोरच्याला दिलेली आज्ञा असते. "तू मला रात्री फोन करायचा नाहीस" हे वाक्य पाळणे न पाळणे सर्वस्वी समोरच्याच्या हाती आहे. त्याने फोन केला की आपण पुन्हा हतबल होतो आणि भांडण नव्याने सुरू होते. याउलट "रात्री नऊनंतर मी फोन घेणार नाही, मुलीच्या तब्येतीबद्दल काही असेल तर मेसेज कर, तो मी पाहीन" हे वाक्य पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून प्रत्येक मर्यादा ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरच्याने काडीचेही सहकार्य केले नाही, तरी मी हे पाळू शकेन का? उत्तर नाही असेल, तर ती मर्यादा नव्याने लिहावी, किंवा ती न्यायालयाच्या आदेशात यावी म्हणून वकिलांशी बोलावे. पुढची प्रत्येक पायरी या कसोटीवर उभी आहे.

येथे एक अपवाद आधीच सांगणे आवश्यक आहे. मारहाण, धमक्या, पाठलाग, घरात कोंडून ठेवणे असे काही घडत असेल, तर शांतपणे मर्यादा सांगण्याचा मार्ग त्या परिस्थितीसाठी नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी. गुजरातमध्ये महिलांसाठी १८१ 'अभयम्' ही सेवा चोवीस तास उपलब्ध असते, आणि कोणत्याही व्यक्तीला ११२ वर पोलिसांची मदत मागता येते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ च्या कलम १८ खाली न्यायालय संरक्षण आदेश देऊ शकते, ज्यात संपर्क साधण्यालाही मनाई करता येते, आणि असा आदेश मोडणे हा गुन्हा आहे.

पहिली पायरी: कागदावर तीन गटांत मांडणी

एक वही घ्यावी आणि सध्या ज्या ज्या गोष्टींनी त्रास होतो त्या सर्व, लहानमोठी असा भेद न करता, लिहून काढाव्यात. सासूबाईंचे रोजचे फोन, पतीने न विचारता घरी येणे, पत्नीने कार्यालयातल्या सहकाऱ्यांना मेसेज करणे, मावशीने प्रत्येक तारखेनंतर "काय झालं गं?" असे विचारणे, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर झालेली शेरेबाजी, सगळे लिहावे. मग त्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटात ज्या गोष्टींचा निर्णय न्यायालयाकडूनच व्हायला हवा त्या येतात: पोटगी, मुलांचा ताबा, भेटीच्या वेळा, राहत्या घराचा हक्क, स्त्रीधन. दुसऱ्या गटात दोघांनी मिळून ठरवायच्या गोष्टी येतात, जसे शाळेची फी कोण भरणार किंवा सुट्टी कशी वाटून घ्यायची. तिसऱ्या गटात ज्या केवळ आपल्या वागण्याने बदलू शकतात त्या येतात.

माझा अनुभव असा आहे की माणसे पहिल्या गटातल्या गोष्टी घरगुती भांडणातून मिळवायला पाहतात आणि तिसऱ्या गटातल्या गोष्टींसाठी न्यायालयाकडे डोळे लावून बसतात. ही वाटणी नीट झाली की निम्मी ओढाताण थांबते, म्हणून या पायरीला दोन-तीन संध्याकाळी द्याव्यात.

दुसरी पायरी: जोडीदाराशी संपर्काचा मार्ग, वेळ आणि विषय ठरवणे

संपर्काचा मार्ग शक्यतो एकच ठेवावा आणि तो लिखित असावा. ई-मेल किंवा एकच व्हॉट्सॲप संवाद पुरे होतो. फोनवरचे बोलणे जुन्या गोष्टींकडे वळायला वेळ लागत नाही, लिहिलेला मजकूर मात्र पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचता येतो. वेळ ठरवावी, उदाहरणार्थ संध्याकाळी सात ते आठ, आणि त्या वेळेत आलेल्या मेसेजना त्याच दिवशी उत्तर द्यावे. वेळ पाळणे आपल्याकडूनही झाले पाहिजे. जो स्वतः चार दिवस उत्तर देत नाही त्याची मर्यादा इतरांना सूड वाटू लागते. विषयही मोजकेच ठेवावेत: मुले, पैसे, घर आणि न्यायालयाची तारीख. लग्न का मोडले, कोण चुकले, कोणाच्या आईने काय म्हटले, हे विषय या मार्गावर घ्यायचे नाहीत.

पहिल्यांदा हे कळवताना पुढीलप्रमाणे लिहिता येईल: "यापुढे मुलीच्या आणि पैशांच्या बाबतीत आपण या ई-मेलवरच बोलू. मी रोज संध्याकाळी सात ते आठमध्ये उत्तर देईन. मुलगी आजारी असेल किंवा काही तातडीचे असेल तर कधीही फोन कर. बाकी विषयांवर मी आता बोलणार नाही." यात आरोप नाही, कारण दिलेले नाही, विनवणीही नाही. कारण देण्याचा मोह टाळावा, कारण दिलेल्या प्रत्येक कारणावर वाद घालता येतो.

चिथावणीचा मेसेज आला तर त्यातला केवळ कामाचा भाग शोधावा आणि तेवढ्यालाच उत्तर द्यावे. "तुझ्यासारख्या बेजबाबदार माणसाला शनिवारी मुलगा देणं म्हणजे चूकच आहे, तरी किती वाजता येणार ते सांग" या मेसेजचे उत्तर "शनिवारी सकाळी १० वाजता कमाटीबागेच्या मुख्य फाटकाशी येतो" एवढेच असावे. हे सुरुवातीला अपमान गिळल्यासारखे वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण काही महिन्यांनी तोच संवाद न्यायाधीशांसमोर वाचला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. पती-पत्नींमधील गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. म्हणून प्रत्येक वाक्य तिसऱ्या माणसाने ऐकले तरी लाज वाटणार नाही असे असावे.

तिसरी पायरी: एकाच छताखाली राहावे लागत असेल तर

भाडे परवडत नाही, मुलाची दहावी आहे, घर दोघांच्या नावावर आहे, अशा अनेक कारणांनी पुष्कळ जोडपी दावा चालू असताना एकाच घरात राहतात. कलम १३-ब मधील "वेगळे राहणे" याचा अर्थ पती-पत्नी म्हणून न राहणे असा न्यायालयांनी लावलेला आहे, म्हणजे छत एक असले तरी तो काळ वेगळे राहण्यात मोजला जाऊ शकतो. तेव्हा घाईने घर सोडण्यापूर्वी वकिलांचा सल्ला घ्यावा. पत्नीला सामाईक निवासात राहण्याचा हक्क २००५ च्या कायद्याच्या कलम १७ ने दिलेला आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सामाईक निवास ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे.

अशा घरात झोपण्याच्या खोल्या, कपाटे आणि स्वयंपाकघराच्या वेळा वेगळ्या ठरवून घ्याव्यात. खोलीला आतून कडी असावी. कागदपत्रे, दागिने आणि औषधे कुलुपात ठेवावीत. पाहुणे कधी येतील हे आदल्या दिवशी कळवावे. मुलांसमोर जेवणाच्या टेबलावर दाव्याचा विषय निघाला तर "हे आपण लिहून बोलू" एवढे म्हणून ताट घेऊन उठावे आणि आपल्या खोलीत जेवावे. दोन-चार वेळा असे झाले की विषय काढणेच कमी होते.

चौथी पायरी: पैसा आणि फोन

ही पायरी लोक पुढे ढकलतात, आणि नेमके येथेच सर्वात जास्त नुकसान होते. संयुक्त बँक खाते "दोघांपैकी कोणीही" या पद्धतीने चालत असेल तर बँकेत जाऊन ते "दोघांच्या सहीने" करण्याचा अर्ज द्यावा. पगार जमा होण्यासाठी स्वतंत्र खाते उघडावे. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी: हप्ता एकानेच भरायचा असे आपसांत ठरवले, तडजोडीत लिहिले, तरी बँक त्या ठरावाने बांधली जात नाही, बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत कर्जाची जबाबदारी दोघांवरही राहते. पोटगीच्या अर्जात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिला आहे, त्यामुळे पासबुके, पगारपत्रके आणि विमा पॉलिसींच्या प्रती आताच एकत्र करून ठेवाव्यात.

लग्नात मिळालेले दागिने आणि भेटी, म्हणजे स्त्रीधन, ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, आणि ती पतीकडे किंवा सासरी सांभाळायला ठेवली म्हणून त्यांची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच सांगितले. मंगळसूत्र, पाटल्या, मोहनमाळ, चांदीची भांडी अशी यादी लग्नाच्या फोटोंसह तयार करावी. "घरात वाद नको" म्हणून यादी न करणे हा मोठेपणा नव्हे.

फोनच्या बाबतीत ई-मेल, बँकेचे ॲप, यूपीआयचा पिन आणि व्हॉट्सॲपचे दुसऱ्या यंत्रांवर जोडलेले खाते तपासावे. ओटीपी कोणाच्या नंबरवर जातो ते पाहावे. कित्येक घरांत पत्नीचे आधार आणि बँक पतीच्या मोबाईलशी जोडलेले असते. फोनवरून आपले ठिकाण कोणाला दिसते, मुलांच्या फोनवरून ते कळते का, हेही बघावे. सामाईक फोटोंचे खाते असेल तर आपली प्रत काढून घेऊन मग त्यातून बाहेर पडावे. समोरच्याचे फोटो किंवा मेल उघडून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. जी मर्यादा आपण मागतो ती आपल्याकडूनही पाळली गेली पाहिजे.

पाचवी पायरी: मुले

मुलांच्या बाबतीत मर्यादांचा हेतू बदलतो. येथे मर्यादा आपल्याला त्रास होऊ नये म्हणून कमी आणि मुलाला दोन्ही घरी मोकळेपणाने श्वास घेता यावा म्हणून अधिक असते. कायदाही मुलाच्या हिताला सर्वोच्च मानतो. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे राहतो, परंतु त्याचा अर्थ वडिलांचे स्थान संपले असा नाही, आणि मुलाला दोघांचाही सहवास मिळण्याचा हक्क आहे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे.

भेटीची रचना जितकी नेमकी, तितके भांडण कमी. "अधूनमधून भेटू दे" असे लिहिण्यापेक्षा वार, वेळ, जागा, कोण आणणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचे, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, हे सर्व लिहावे. सुरुवातीच्या काळात मुलाची देवघेव एकमेकांच्या दारात न करता कमाटीबागेसारख्या मोकळ्या सार्वजनिक जागी करणे बरे पडते. मूल तेथे रमते, आणि मोठ्यांचा आवाज आपोआप खाली राहतो. सणांचे वाटप वर्षाच्या सुरुवातीलाच करावे. आपल्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळी आणि उत्तरायण हे चार सण मुलांना सर्वात प्रिय असतात. दिवाळीची २१ दिवसांची शालेय सुट्टी दोन भागांत विभागता येते. गणपती वडिलांकडे असतील तर स्थापना आणि विसर्जन तिकडे, मधला एखादा दिवस आईकडे, असे ठरवता येते. १४ जानेवारीची उत्तरायण एकाकडे आणि १५ जानेवारीची वासी उत्तरायण दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. गरब्याच्या नऊ रात्रींपैकी कोणत्या रात्री कोणाबरोबर, हेही आधी लिहिलेले बरे, कारण रात्री अकरा वाजता मैदानाच्या दाराशी झालेला वाद मूल वर्षानुवर्षे विसरत नाही.

मुलाला निरोप्या करू नये. "बाबांना सांग की फी भरायची आहे" हे वाक्य दिसायला साधे असले तरी त्याने मुलाच्या खांद्यावर आपले ओझे जाते. मूल भेटीहून परतले की "तिकडे कोण आले होते, काय बोलले" अशी उलटतपासणी करू नये. "मजा आली का, जेवलास का" एवढे विचारून त्याला स्वतःहून बोलू द्यावे. आजी-आजोबांकडूनही हे पाळून घ्यावे लागते, आणि ते अवघड असते. "तुझ्या आईनं घर मोडलं" असे आजीने नातवाला एकदा सांगितले की ते पुसले जात नाही. तेव्हा आपल्याच आईला स्पष्ट सांगावे: "आई, तुझा राग मला समजतो. पण मुलांसमोर त्यांच्या वडिलांबद्दल वाईट बोललं गेलं, तर मी त्यांना घेऊन खोलीत जाईन." आणि तसे घडले तर खरोखरच उठून जावे.

पोटगी आणि भेट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये, आणि भेट नाकारली गेली म्हणून पोटगी थांबवू नये. दोन्हींसाठी न्यायालयात अर्ज करता येतो, आणि मूल या दोन्हींच्या मध्ये ओढले गेले की न्यायालय ओढणाऱ्याकडे कठोरपणे पाहते.

सहावी पायरी: माहेर, सासर आणि आपला समाज

माझ्या मते सर्वात अवघड मर्यादा जोडीदाराबरोबरची नसते. ती आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसांबरोबरची असते. माहेरी परतलेल्या मुलीला आई-वडील आधार देतात, आणि त्याच वेळी तिच्या फोनवर, जाण्या-येण्यावर, खर्चावर लक्ष ठेवू लागतात. त्यांना ती काळजी वाटते, तिला ती पुन्हा पंधरा वर्षांची झाल्यासारखी घुसमट वाटते. मुलग्याच्या बाबतीत बहिणी आणि काका दाव्याची सूत्रे हाती घेतात आणि तडजोडीच्या प्रत्येक प्रस्तावाला प्रतिष्ठेचा प्रश्न करतात. दोन्ही ठिकाणी उपाय सारखाच आहे: निर्णय कोण घेणार आणि सल्ला कोण देणार, हे वेगळे करून सांगणे. "बाबा, तुमचा सल्ला मला हवाच आहे. रविवारी सकाळी आपण बसून बोलू. पण वकिलांशी मी एकटी बोलेन आणि शेवटचा निर्णय माझा राहील" असे सांगता येते. माहेरी राहत असल्यास घरखर्चात ठरावीक वाटा द्यावा, मग तो लहान असला तरी चालेल. त्याने आपली जागा पाहुणीची किंवा आश्रिताची न राहता घरातल्या कमावत्या माणसाची होते, आणि बोलण्याला वजन येते. कमाई नसेल तर घरातली एखादी जबाबदारी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावी.

नातेवाइकांच्या चौकशीसाठी दोन वाक्ये तयार ठेवावीत आणि तीच सगळ्यांना सांगावीत. "काकू, प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे मी त्यावर बोलत नाही. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे आता?" पहिले वाक्य दार बंद करते आणि दुसरे नाते उघडे ठेवते. पुन्हा विचारले तर तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा म्हणावे. आवाज चढवला की लोकांना उत्सुकता वाटते, आणि तपशील दिला की तो संध्याकाळपर्यंत चार घरी पोहोचतो. सोसायटीतल्या गुजराती शेजारणी आपुलकीनेच विचारतात. त्यांनाही "बेन, बधुं ठीक छे, समय आव्ये कहीश" एवढे पुरते. ज्यांच्याशी खरेच मन मोकळे करायचे आहे अशी दोन माणसे निवडावीत, आणि ती शक्यतो दोन्ही कुटुंबांच्या बाहेरची असावीत. मन दाटून येत असेल, झोप उडाली असेल, तर 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

"आपल्यात असं कधी झालं नाही" हे वाक्य वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकू येते. त्यांना आदरपूर्वक एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला, म्हणजे देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या चोवीस वर्षे आधी. ज्या शहराच्या राजाने न टिकणाऱ्या लग्नातून सन्मानाने बाहेर पडण्याची वाट इतक्या लवकर मोकळी केली, त्या शहरात ती वाट धरणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. हे वाद जिंकण्यासाठी सांगू नये. आजोबांच्या मनावरचा भार हलका व्हावा म्हणून सांगावे.

हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण अशा प्रसंगांना बोलावणे येईल की नाही, आले तर जावे की नाही, या प्रश्नाने स्त्रिया फार कष्टी होतात. माझे मत स्पष्ट आहे: जेथे आपल्याला मनापासून बोलावले आहे आणि जायची इच्छा आहे तेथे जावे, आणि जेथे जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येतो तेथे "यंदा जमणार नाही, पुढच्या वेळी नक्की" असे कळवून घरी राहावे. कुंकू, मंगळसूत्र, आडनाव यांबद्दलचे निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचे आहेत आणि ते कोणत्याही मुदतीत घ्यावे लागत नाहीत.

सासूबाईंशी किंवा जावेशी जिव्हाळा असेल तर तो टिकवण्यात काहीही गैर नाही. फक्त एक अट दोघींनी मान्य करावी, की त्या संवादातून निरोप, हेरगिरी आणि मध्यस्थी या तीन गोष्टी वगळल्या जातील.

सातवी पायरी: न्यायालय, वकील आणि समाजमाध्यमे

ही पायरी थोडक्यात. वकिलांना काय विचारायचे ते आधी लिहून न्यावे आणि रोज फोन करू नये. खालच्या न्यायालयातले पुष्कळ कागद गुजरातीत असतात. मराठी घरांत गुजराती बोलता येते, पण कायदेशीर मजकूर वाचून नेमका कळतोच असे नाही, म्हणून पूर्ण अर्थ समजेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये. परस्परसंमतीच्या अर्जात दुसऱ्या टप्प्यापर्यंत संमती मागे घेता येते, तेव्हा "आता सही झाली, परत फिरता येत नाही" असे कोणी दडपून सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. कौटुंबिक न्यायालयाचे समुपदेशक तडजोडीचा प्रयत्न करतात, ते त्यांचे कर्तव्यच आहे. त्यांना आपल्या न बदलणाऱ्या अटी नम्रपणे आणि थोडक्यात सांगाव्यात.

समाजमाध्यमांवर दाव्याबद्दल एक ओळही लिहू नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या दाव्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्याविषयीचा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. सूचक स्टेटस ठेवणे, जुने फोटो पुसून त्याचा गाजावाजा करणे, यांनीही वाद पेटतो. समोरची व्यक्ती काय टाकते हे पाहिल्याशिवाय राहवत नसेल, तर काही महिने तिच्या पोस्ट आपल्याला दिसणार नाहीत अशी सोय करून ठेवावी.

आठवी पायरी: मर्यादा मोडली गेली तर

ती मोडली जाणारच, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. पहिल्या वेळी शांतपणे आठवण द्यावी: "मी सातनंतर उत्तर देईन असे कळवले होते." दुसऱ्या वेळी जे सांगितले होते ते करावे, म्हणजे फोन घेऊ नये, दार उघडू नये, संभाषण थांबवावे. सतत मोडली जात असेल तर तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट यांची नोंद ठेवून ती वकिलांना द्यावी. धमकी देऊन ती न पाळणे हे सर्वात घातक. त्यातून समोरच्याला आपला शब्द पोकळ आहे हे कळते. म्हणून जेवढे नक्की करू शकू तेवढेच सांगावे. कधी आपणच मर्यादा मोडतो, एकटेपणाच्या रात्री फोन लावतो. तसे झाल्यास स्वतःला दोष देत न बसता दुसऱ्या दिवशी "कालचा फोन मी करायला नको होता, आपण ई-मेलवरच बोलू" असे लिहून पुन्हा मार्गावर यावे.

निकालानंतर

हुकूमनामा हाती आला की पहिल्या महिन्यात कागदपत्रांची कामे करावीत. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि डिमॅट खात्यांतील नामनिर्देशन बदलावे, कारण घटस्फोटाने ते आपोआप बदलत नाही. मृत्युपत्र असेल तर नवे करावे. लढवलेल्या दाव्यात अपिलाची मुदत संपण्यापूर्वी पुनर्विवाह करता येत नाही, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. नव्या नात्याबद्दल वकिलांना विचारूनच पुढे जावे. नवी व्यक्ती आयुष्यात आली तर मुलांना तिची ओळख करून देण्यापूर्वी नाते स्थिर होऊ द्यावे, आणि माजी जोडीदाराला ती बातमी मुलांच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या दोन ओळींच्या ई-मेलमधून कळावी.

वर्षातून एकदा, मुलांची शाळा सुरू होण्यापूर्वी, सर्व मर्यादा पुन्हा वाचाव्यात. काही सैल करता येतील: राग ओसरल्यावर फोनवर बोलणे जमू लागते, दारात देवघेव करता येते. सैल करणे ही हार नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती दोन महिने पाहावी.

पुढे मुलाची मुंज येते. तेथे मातृभोजनाला आई लागते आणि मंत्रोपदेशाला वडील लागतात, दोन्हीकडचे शंभर पाहुणे समोर असतात. हा प्रसंग आयत्या वेळेवर सोडू नये. किमान तीन महिने आधी दोघांनी लिहून ठरवावे: पत्रिकेवर नावे कशी येतील, कोणते विधी कोण करणार, गुरुजींना परिस्थिती कोण सांगणार, खर्च कसा वाटायचा, फोटोत कोण कोण असेल, नवे जोडीदार असल्यास ते कुठे बसतील. दोन्ही घरांतले एकेक शांत माणूस, एखादी आत्या आणि एखादा मामा, यांना आधीच सांगून ठेवावे की कोणी जुना विषय काढलाच, तर त्यांना बोलत बोलत पंगतीकडे घेऊन जायचे.